इंजिनरूममधील वीरश्रेष्ठ

ठाणे, प्रतिनिधी

वागळे इस्टेटमधील अनेक कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरीही काही गाळ्यांमधून लेथ आणि ड्रिलिंग मशीनचा आवाज अजून रस्त्यापर्यंत येतो. अशा गाळ्यात आयुष्य घालवलेल्या जुन्या फिटरला यंत्रातील बिघाड डोळ्यांच्या आधी कानांना कळतो. बेअरिंग झिजले, पट्टा सैल झाला किंवा तेल कमी पडले की आवाज बदलतो आणि हातातला चहा खाली ठेवून तो उठतो. कारखान्यातून बाहेर पडलेला माल लोकांना दिसतो, त्यावरील कंपनीचे नाव दिसते. यंत्र चालू ठेवणारा माणूस मात्र कोणाच्या नजरेस पडत नाही. या वसाहतीने अशी हजारो माणसे पाहिली आहेत.

युद्धनौकेवर आणि पाणबुडीवरही अशी माणसे असतात. नौदलाच्या इतिहासात कप्तानाचे नाव येते, तोफ डागणाऱ्याचे येते, शत्रूच्या जहाजाला सुरुंग लावणाऱ्या पाणबुड्याचेही येते. पाण्याच्या पातळीखाली, तेलाच्या वासात आणि कान बधिर करणाऱ्या आवाजात उभा असलेला इंजिनरूमचा खलाशी त्या इतिहासात क्वचितच भेटतो. त्याच्या हाती शस्त्र नसते. बाहेर काय चालले आहे हे पाहायला त्याला खिडकीही नसते. ब्रिजवरून येणारा वेगाचा हुकूम पाळायचा आणि इंजिन बंद पडू द्यायचे नाही, एवढेच त्याचे युद्ध. जहाजाला भगदाड पडले तर पाणी सर्वांत आधी त्याच्यापर्यंत पोहोचते आणि बाहेर पडण्याची शिडी त्याच्यापासून सर्वांत दूर असते.

अशा एका इंजिनरूम कर्मचाऱ्याचे नाव मात्र एका देशाच्या सर्वोच्च शौर्यसन्मानापर्यंत पोहोचले. मोहम्मद रुहुल अमीन हे ते नाव. १० डिसेंबर १९७१ रोजी खुलना शहराजवळ रूपसा नदीत 'पलाश' या गनबोटीवर त्यांनी आपल्या इंजिनांची साथ सोडण्यास नकार दिला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. बांगलादेशाने 'वीरश्रेष्ठ' हा आपला सर्वोच्च युद्धसन्मान फक्त सात जणांना दिला. सातही जणांना तो मरणोत्तर मिळाला आणि त्या सातांत नौदलाचे एकमेव प्रतिनिधी रुहुल अमीन हेच आहेत.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वाचकाला हे नाव परके वाटण्याचा संभव आहे. परंतु रुहुल अमीन ज्या छोट्या ताफ्यात लढले, त्याचे नेतृत्व कमांडर मोहन नारायण सामंत या मराठी पाणबुडी अधिकाऱ्याकडे होते. ताफ्याची प्रमुख नौका होती 'आयएनएस पनवेल'. ठाण्याहून तासाभराच्या अंतरावरील गावाचे नाव मिरवणारी ही नौका त्या दिवशी 'पलाश'च्या सोबत होती. त्यामुळे रूपसा नदीतील ती दुपार आपल्याही इतिहासाचा भाग आहे.

नौआखालीचा मुलगा

रुहुल अमीन यांचा जन्म १९३५ साली नौआखाली जिल्ह्यातील बाघपांचरा या खेड्यात झाला. वडील अझहर पाटवारी आणि आई झुलेखा खातून. घर सर्वसाधारण शेतकरी कुटुंबाचे. रुहुल हा थोरला मुलगा, त्यामुळे मागच्या भावंडांची जबाबदारी लहानपणीच त्याच्या वाट्याला आली.

नौआखाली हे नाव महाराष्ट्रातील जुन्या पिढीला ठाऊक आहे ते वेगळ्या कारणाने. १९४६ मधील भीषण दंगलीनंतर महात्मा गांधी तेथील गावोगाव अनवाणी फिरले. त्या वेळी रुहुल अकरा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि त्याचा जिल्हा पूर्व पाकिस्तानात गेला. फेब्रुवारी १९५२ मध्ये ढाक्यात बंगाली भाषेच्या हक्कासाठी निघालेल्या तरुणांवर गोळीबार झाला. आपल्या भाषेसाठी रस्त्यावर उतरून प्राण देणे म्हणजे काय, हे काही वर्षांतच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपल्याकडेही अनुभवास आले. रुहुल अमीन यांची पिढी पूर्व बंगालमध्ये त्या वातावरणात वयात आली.

शालेय शिक्षण आटोपल्यावर १९५३ मध्ये ते पाकिस्तानच्या नौदलात भरती झाले. त्या काळी पूर्व बंगालमधील खेड्यातल्या तरुणाला स्थिर पगार आणि कसब शिकवणारी नोकरी मिळणे ही मोठीच गोष्ट होती. प्रशिक्षण घराजवळ नव्हते. ते कराचीत, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला, मधला सारा भारत ओलांडून जायचे होते. प्राथमिक प्रशिक्षणानंतर 'कारसाझ' या तांत्रिक प्रशिक्षण केंद्रात त्यांनी जहाजाच्या यंत्रांची विद्या घेतली. पुढे १९६५ मध्ये वरच्या दर्जाच्या तांत्रिक अभ्यासक्रमासाठी त्यांची निवड झाली आणि तो पूर्ण करून ते इंजिनरूम आर्टिफिसर झाले.

आर्टिफिसर हा शब्द आपल्याकडे नौदलाबाहेर फारसा वापरात नाही. कारखान्यातील अनुभवी फिटर, टर्नर आणि यंत्रदुरुस्ती करणारा मेकॅनिक यांची सगळी कामे एकाच माणसाच्या हाती आली, तर जो कारागीर तयार होईल तो आर्टिफिसर. भर समुद्रात सुटा भाग मिळत नाही आणि दुरुस्तीसाठी कोणाला बोलावताही येत नाही. पंप बिघडला, इंधनाची नळी फुटली किंवा थंड करणाऱ्या पाण्याचा मार्ग गाळाने तुंबला, तर असेल त्या साधनांनी तेथल्या तेथे मार्ग काढावा लागतो. भारतीय नौदलात हे शिक्षण देणारी मोठी संस्था महाराष्ट्रातच, लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी' या तळावर आहे. १९४५ पासून इंजिनरूमच्या अनेक पिढ्या तेथून बाहेर पडल्या.

नोकरी आणि देश

१९६८ मध्ये रुहुल अमीन यांची बदली चितगाव येथील 'बख्तियार' या नौदल तळावर झाली. पंधरा वर्षांनी ते आपल्या मुलखाजवळ परतले होते. चितगावहून नौआखाली फार दूर नाही. निवृत्तिवेतनही दृष्टिपथात होते. चाकोरीतले आयुष्य तसेच पुढे गेले असते, तर आज त्यांचे नाव त्यांच्या गावाबाहेर कोणी घेतले नसते.

मात्र पुढील दोन-तीन वर्षांत सारे बदलले. १२ नोव्हेंबर १९७० च्या महाभयंकर चक्रीवादळाने नौआखालीसह किनारपट्टीवर लाखोंचे बळी घेतले आणि सरकारच्या अनास्थेमुळे जनतेत संतापाची लाट उसळली. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत शेख मुजिबुर रहमान यांच्या अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातील १६९ पैकी १६७ जागा जिंकल्या. संपूर्ण देशात बहुमत मिळूनही त्यांच्याकडे सत्ता सोपवली गेली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात नि:शस्त्र नागरिकांवर हल्ला चढवला. विद्यापीठातील वसतिगृहे आणि पोलिसांच्या बराकीही त्यातून सुटल्या नाहीत.

गणवेशातील प्रत्येक बंगाली माणसापुढे त्या रात्रीनंतर एकच प्रश्न उभा राहिला. अठरा वर्षे ज्या नौदलाचे अन्न खाल्ले, त्याच्याशी इमान राखायचे की ज्यांच्यावर त्या नौदलाच्या तोफा रोखल्या आहेत त्या आपल्या माणसांशी? रुहुल अमीन यांनी उत्तर शोधायला वेळ लावला नाही. चितगावचा तळ सोडून ते निसटले आणि सीमा ओलांडून त्रिपुरात आले. त्यांचे वय तेव्हा ३६ वर्षांचे होते. नोकरी, वेतन, ज्येष्ठता हे सगळे त्यांनी मागे टाकले. पकडले गेले असते तर पळून गेलेल्या सैनिकाला मिळते तीच शिक्षा त्यांच्या वाट्याला आली असती.

मुक्तिवाहिनीकडे त्या वेळी जहाज नव्हते. त्यामुळे यंत्रांत रमणारा हा माणूस काही महिने हाती बंदूक घेऊन जमिनीवरच्या चकमकींत उतरला.

तुलाँमधील पाणबुडी

बांगलादेशाच्या नौदलाची कथा सुरू होते ती हजारो मैल दूर, फ्रान्सच्या तुलाँ बंदरात. पाकिस्तानने फ्रान्सकडून दाफ्ने वर्गातील तीन पाणबुड्या घेतल्या होत्या. त्यांपैकी 'मांग्रो' मार्च १९७१ मध्ये तुलाँ येथे होती आणि लवकरच ती पाकिस्तानकडे निघणार होती. तिच्यावरील १३ बंगाली खलाशांना ढाक्यातील हत्याकांडाची बातमी रेडिओवरून कळली. त्यांच्यापैकी आठ जण पाणबुडी निघण्याआधी गुपचूप बाहेर पडले, स्पेनमधील भारतीय दूतावासापर्यंत पोहोचले आणि एप्रिलमध्ये भारतात दाखल झाले. त्यांत इंजिनरूममध्ये काम करणारे खलाशीही होते. पाणबुडीवर इंजिनरूमचा माणूस निघून जाणे ही साधी गोष्ट नसते. त्याची जागा तातडीने भरून काढता येत नाही.

या आठ जणांमुळे भारतीय नौदलापुढे एक नवी कल्पना आली. पूर्व बंगाल हा नद्यांचा मुलूख. पाकिस्तानी लष्कराची रसद जहाजांवर आणि बोटींवर अवलंबून होती. पोहण्यात तरबेज असलेले बंगाली तरुण निवडून त्यांना जहाजांच्या तळाला चिकटसुरुंग लावायला शिकवले, तर शत्रूची नाकेबंदी करणे शक्य होते. नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख कॅप्टन मिहिर रॉय यांनी ही योजना हाती घेतली आणि तिची प्रत्यक्ष जबाबदारी कमांडर सामंत यांच्यावर सोपवली.

सामंत हे 'आयएनएस करंज' या पाणबुडीचे पहिले कमांडिंग अधिकारी. १९६९ मध्ये ही पाणबुडी सोव्हिएत संघात नौदलात दाखल झाली तेव्हा तिची सूत्रे त्यांनीच स्वीकारली होती. उरणजवळच्या करंजा बेटावरून तिला नाव मिळाले. म्हणजे सामंत यांच्या आयुष्यातील दोन महत्त्वाच्या नौका, 'करंज' आणि 'पनवेल', या दोहोंची नावे आजच्या रायगड जिल्ह्यातली आहेत. भागीरथीच्या काठी पलाशी येथे गुप्त छावणी उघडली. तेथे शेकडो तरुण तासन्‌तास नदीत पोहत आणि अंधारात सुरुंग लावण्याचा सराव करीत. त्यांना शिकवणाऱ्यांत तुलाँहून आलेले पाणबुडीचे खलाशीही होते. ऑगस्ट १९७१ च्या मध्यास चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत जवळपास एकाच वेळी स्फोट झाले. आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून लागलेली दोन ठरावीक गाणी हाच त्या हल्ल्याचा इशारा होता.

गोदीत घडलेल्या गनबोटी

पोहणाऱ्यांनी बंदरे हादरवली. आता गरज होती ती नौकांची. सप्टेंबरमध्ये मुक्तिवाहिनीतील नौदलाचे प्रशिक्षित लोक एकत्र आणण्यात आले. रुहुल अमीन त्रिपुराहून कोलकात्याला पोहोचले ते या हाकेवरून. कोलकाता पोर्ट ट्रस्टच्या दोन बोटी बांगलादेशाच्या तात्पुरत्या सरकारला मिळाल्या होत्या. गार्डन रीचच्या गोदीत त्यांचे रूप बदलण्यात आले. प्रत्येकीवर ४० मिलिमीटरच्या दोन बोफोर्स तोफा बसल्या, सुरुंग वाहण्याची सोय झाली आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये 'पद्मा' व 'पलाश' या नावांनी त्या सज्ज झाल्या. पद्मा हे पूर्व बंगालच्या महानदीचे नाव. पलाश म्हणजे आपला पळस.

या बोटी युद्धासाठी बांधलेल्या नव्हत्या. बंदरात फिरण्यासाठी बनवलेल्या बोटीवर तोफा, दारूगोळा आणि माणसांचा भार चढला की तो भार शेवटी इंजिनांवर येतो. सुंदरबनच्या नद्यांत भरती-ओहोटीचा जोर मोठा आणि पाणी गाळाने भरलेले. अशा पाण्यात बंदरातली इंजिने लढाईच्या वेगाने पळवायची होती. 'पलाश'च्या इंजिनरूमची जबाबदारी रुहुल अमीन यांच्याकडे आली. अठरा वर्षे दुसऱ्याच्या झेंड्याखाली मिळवलेले कौशल्य आता प्रथमच त्यांच्या स्वतःच्या देशाच्या कामी येणार होते. तो देश अजून जगाच्या नकाशावर आला नव्हता.

बोटींवर भारतीय अधिकारी आणि बंगाली खलाशी एकत्र काम करीत होते. 'पलाश'चे नेतृत्व लेफ्टनंट कमांडर जे. के. रॉय चौधरी यांच्याकडे होते. नोव्हेंबरमध्ये या बोटींनी मोंगला बंदराकडे जाणाऱ्या जलमार्गात सुरुंग पेरले आणि तेथील जहाज वाहतुकीला जबर धक्का दिला. डिसेंबरच्या ३ तारखेला पाकिस्तानने पश्चिमेकडील भारतीय विमानतळांवर हल्ले केले आणि उघड युद्धाला तोंड फुटले.

खुलनाच्या दिशेने

कमांडर सामंत यांच्या नेतृत्वाखालील ताफ्यात चार नौका होत्या. लेफ्टनंट कमांडर जे. पी. ए. नोरोन्हा यांच्या हाताखालील 'पनवेल', मुक्तिवाहिनीच्या 'पद्मा' आणि 'पलाश', तसेच सीमा सुरक्षा दलाची 'चित्रांगदा'. सुंदरबनच्या खाड्यांमधून वाट काढत मोंगला बंदर गाठायचे आणि तेथून पुढे खुलना येथील 'तितुमीर' हा पाकिस्तानी नौदल तळ उद्ध्वस्त करायचा, अशी योजना होती. अनोळखी पात्रे, वाळूचे उंचवटे आणि दोन्ही काठांवर शत्रू असण्याची शक्यता, यांतून हा प्रवास झाला.

ताफा पुढे सरकत असताना पश्चिमेला अरबी समुद्रात एक मोठी दुर्घटना घडली. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ 'आयएनएस खुक्री' ही युद्धनौका 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. 'हंगोर' ही 'मांग्रो'च्याच वर्गातील पाणबुडी. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक 'खुक्री'बरोबर समुद्रतळाशी गेले. कॅप्टन मुल्ला यांचे धैर्य देशाला ठाऊक आहे. त्याच जहाजाच्या इंजिनरूममध्ये जे शेवटपर्यंत पहाऱ्यावर होते, त्यांची नावे मात्र दीवच्या स्मारकावर जाऊनच वाचावी लागतात.

या घटनेला २४ तास उलटायच्या आत रूपसा नदीत 'पलाश'ची घटका भरत आली.

१० डिसेंबरची दुपार

१० डिसेंबरच्या सकाळी मोंगला बंदर फारशा प्रतिकाराविना हाती आले. 'चित्रांगदा' तेथेच थांबली आणि उरलेल्या तिन्ही नौका नदीतून उत्तरेकडे निघाल्या. पुढे 'पनवेल', तिच्यामागे 'पद्मा' आणि 'पलाश'. दुपारच्या सुमारास खुलना शिपयार्ड दृष्टिपथात आले. त्याच वेळी आकाशात विमाने दिसली.

विमाने भारतीय होती. ताफ्यातील नौकांवर ओळखीसाठी पिवळी खूण केलेली होती आणि हवाई दलाला त्याची पूर्वकल्पना देण्यात आली होती. म्हणून विमानांवर गोळीबार न करण्याचा हुकूम झाला. तो योग्यच होता, कारण आपल्याच वैमानिकांवर तोफा डागण्याचा विचार कोण करील? परंतु वैमानिकांना खाली शत्रूच्या मुलखात, शत्रूच्या तळाजवळ येऊन ठेपलेल्या नौका दिसत होत्या. त्या आपल्या असतील हे त्यांच्या ध्यानात आले नाही. विमाने वळली आणि त्यांनी हल्ला चढवला. पहिला आघात 'पद्मा'वर झाला. तिच्या इंजिनरूमवरच मारा झाल्याने ती जागच्या जागी निकामी झाली. विमाने पुन्हा वळली ती 'पलाश'च्या रोखाने.

'पलाश'वर नौका सोडण्याचा हुकूम झाला. लाकूड पेटले की दारूगोळा पेटणार आणि मग कोणीच वाचणार नाही, हा त्यामागील हिशेब होता. अधिकाऱ्याला आपली माणसे वाचवायची होती. पुष्कळ जणांनी पाण्यात उड्या घेतल्या.

रुहुल अमीन यांनी उडी घेतली नाही. बांगलादेशात सर्वमान्य असलेल्या वृत्तांतानुसार हा हुकूम त्यांच्या पचनी पडला नाही. नौका अजून तरंगत होती आणि इंजिने अजून चालत होती. इंजिन चालू असलेली नौका वळू शकते, वाकडीतिकडी पळू शकते, काठाला लागू शकते. बंद पडलेली नौका म्हणजे फक्त नेम धरण्याची वस्तू. हे गणित अठरा वर्षे इंजिनरूममध्ये घालवलेल्या माणसाइतके दुसऱ्या कोणाला कळणार? तोफांवरील साथीदारांना लढत राहण्यास सांगून ते शिडी उतरून खाली, आपल्या इंजिनांपाशी गेले.

हुकूम मोडणे हा लष्करात गुन्हा असतो, आणि येथे तर हुकूम देणाऱ्याचा हेतू माणसे वाचवण्याचाच होता. त्यामुळे रुहुल अमीन यांच्या कृतीकडे केवळ आवेश म्हणून पाहिले तर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांच्या देशाच्या नौदलाजवळ तेव्हा तोफा असलेल्या नौका होत्या दोन. त्यांपैकी एक डोळ्यांदेखत संपली होती. दुसरी वाचवणे शक्य आहे असे त्यांना वाटले आणि ते ज्याच्या हाती होते तो माणूस ते स्वतः होते. हा निर्णय घ्यायला त्यांना काही क्षणच मिळाले असतील. वर मोकळे पाणी होते, खाली इंजिनरूम होती. त्यांनी खालची वाट धरली.

पुढच्याच फेरीत 'पलाश'वर मारा झाला. इंजिनरूमचा भाग उद्ध्वस्त झाला, आग पसरली आणि दारूगोळ्याचे स्फोट होऊ लागले. गंभीर जखमी झालेले रुहुल अमीन आता नदीत उतरले आणि कसेबसे पोहत काठापर्यंत पोहोचले. काठावर मदतीचा हात नव्हता. तेथे पाकिस्तानी लष्कराला साथ देणारे रझाकार उभे होते. त्यांनी या जखमी माणसाला तेथेच ठार केले. त्यांचा देह काही काळ नदीकाठी तसाच पडून होता. नंतर स्थानिक गावकऱ्यांनी रूपसाच्या काठावर त्यांचे दफन केले.

सामंत आणि नोरोन्हा यांनी 'पनवेल' वाचवली. एवढ्या आघातानंतर माघार घेणे कोणालाही समजण्यासारखे होते. परंतु काठावरून गोळीबार होत असतानाही 'पनवेल'ने पाण्यातील जखमींना उचलून घेतले आणि खुलना येथील लक्ष्यांवर माराही केला. ताफ्यातील लीडिंग सीमन चिमण सिंग यांनी जखमी अवस्थेत काठावरील शत्रूला अंगावर घेतले आणि ते पकडले गेले. युद्ध संपल्यावरच त्यांची सुटका झाली. सामंत, नोरोन्हा आणि चिमण सिंग या तिघांनाही महावीरचक्र मिळाले.

चुकीची सावली

१६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सेनेने शरणागती पत्करली. खुलना येथील तुकड्या त्यानंतर एका दिवसाने, १७ डिसेंबरला शरण आल्या. रुहुल अमीन आणखी आठवडाभर जगले असते, तर आपला स्वतंत्र देश त्यांना पाहता आला असता.

त्यांचा मृत्यू मित्रपक्षाच्या विमानांच्या चुकीतून ओढवला, ही गोष्ट सांगताना आजही जीभ अडखळते. युद्धात अशा चुका घडतात. वेगाने उडणाऱ्या विमानातून नदीतल्या लहान बोटीवरची खूण ओळखण्यास क्षणभराचाच अवकाश असतो, दोन दलांमधील संदेश वेळेत पोहोचत नाहीत आणि ताफा अपेक्षेपेक्षा पुढे गेलेला असतो. सन्मानपत्रांच्या भाषेत अशा चुकांना सहसा जागा नसते. पण ती लपवल्याने कोणाचा मान वाढत नाही. सामंत यांनी निवृत्तीनंतर अनेक वर्षांनी या संपूर्ण मोहिमेची हकीकत पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासह 'ऑपरेशन एक्स' या पुस्तकात मांडली. हे पुस्तक २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये सामंत यांचे निधन झाले.

बॉम्ब कोणाचा होता, यावर इंजिनरूममध्ये उतरणाऱ्या माणसाच्या धैर्याचे मोल ठरत नाही. उलट, ज्यांच्यावर विश्वास ठेवून हाताशी असलेल्या तोफा गप्प ठेवल्या, त्यांच्याकडूनच मारा होत असताना नौका वाचवण्यासाठी खाली जाणे हे अधिक कठीण आहे. शत्रूच्या हल्ल्यात रागाचे बळ तरी सोबतीला असते.

१५ डिसेंबर १९७३ रोजी बांगलादेश सरकारने वीरश्रेष्ठ सन्मान जाहीर केले. तीन सैनिक भूदलातील, दोन सीमेवरील ईस्ट पाकिस्तान रायफल्स दलातील, एक वैमानिक आणि एक इंजिनरूम आर्टिफिसर अशी ती नामावळी आहे. बांगलादेशच्या नौदलाने आपल्या जहाजाला रुहुल अमीन यांचे नाव दिले. बाघपांचरा या त्यांच्या गावालाही त्यांचेच नाव मिळाले आणि तेथे त्यांच्या स्मरणार्थ ग्रंथालय व संग्रहालय उभे राहिले. आपल्याकडे मात्र १९७१ चे युद्ध आठवताना कराची बंदरावरील क्षेपणास्त्र हल्ला आठवतो, 'विक्रांत' आठवते, 'खुक्री' आठवते. 'पनवेल'ची आठवण पनवेलमध्येही फारशी निघत नाही. मग तिच्यामागून येणाऱ्या 'पलाश'च्या इंजिनरूममधील माणसाची कोण काढणार?

रूपसाच्या पूर्व काठावर रुहुल अमीन यांची कबर आहे. १० डिसेंबरला तेथे मानवंदना दिली जाते. ज्या खुलना शिपयार्डसमोर 'पलाश' बुडाली, तो १९९९ मध्ये बांगलादेशच्या नौदलाच्या ताब्यात आला. आता तेथे त्या नौदलासाठी गस्तीनौका बांधल्या जातात. नवी नौका पाण्यात उतरली की तिच्या इंजिनांची चाचणी होते आणि ती चाचणी घेणारे आर्टिफिसर आवाज ऐकत खाली उभे असतात.